बारावं नाव

“अरे, तुला लिहायला सांगितलं, तू लिहिलंस. त्यात तुझा काय गुन्हा?” वनमाला म्हणाली. तिच्या हातात भालचंद्रचा अर्ज होता. काल दुपारी लिहून त्याने तो टीपकागदांच्या गठ्ठ्याखाली दडवला होता, आणि टीपकागद शोधायला म्हणून तिने नेमका तोच गठ्ठा उचलला. भालचंद्र तिच्या प्रबंधाचं पान उतरवत होता. टाक हातात तसाच राहिला. निबाच्या टोकाला शाईचा थेंब जमला, फुगला, आता पडेल, आता पडेल म्हणत तो त्याच्याकडे बघत बसला. एरवी अशा वेळी दौत फेकणारा मुलगा. जानेवारीत फेकलीही होती. भिंतीवर निळा ओघळ अजून आहे, आईने त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय. पण आज राग यायच्या आधी दुसरंच काही आलं. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि पाय एकदम जमिनीवर आपटावा, तसं. कारण ताईने आत्ता जे म्हटलं तेच वाक्य, इंग्रजीत, त्याच्या हाताखालच्या पानावर होतं. तिथे ते एका जर्मन जनरलच्या वकिलाच्या तोंडी होतं. आणि ते वाक्य कोर्टात का टिकत नाही हे सांगण्यात त्याच्या बहिणीने एकशे साठ पानं घातली होती. या पानापर्यंत ती सगळी भालचंद्रने स्वतःच्या हाताने उतरवली होती. थेंब पडला. पानाच्या मधोमध. “बघ, खराब केलंस पान,” ताई म्हणाली, आणि तो म्हणाला, “पान कोणी खराब केलं ते नंतर बघू.”

वनमालाचं अक्षर म्हणजे शाईत बुडवलेल्या मुंग्या कागदावर सोडून दिल्यासारखं. ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातल्या टाइपवाल्याने पहिलंच पान परत केलं होतं, बहनजी, पहले किसी से साफ लिखवा लाओ. मग आईने ठरवलं की भालू घरात रिकामा आहे, निदान त्याचा हात तरी चालू दे. वनमाला एलएल.एम. करत होती. वर्गात एकटी मुलगी. जिन्यात मुलं तिला वाट द्यायची आणि ती वर गेली की हसायची. विषय आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा. खासगी बाजारातल्या शेजारणी विचारायच्या, म्हणजे चोर विलायतेला पळाला तर त्याचं का गं? ती म्हणायची, हो, त्याचंही. भालचंद्रने पहिली पन्नास पानं नुसती चित्रं काढावीत तशी काढली. मग हळूहळू शब्द उघडायला लागले. ‘ऑर्डर’ त्याला येत होताच. ‘सुपीरियर ऑर्डर’ म्हणजे वरच्याचा हुकूम, हे त्याने मे महिन्यात गच्चीवर विचारून घेतलं. ताई सुरईतलं पाणी पीत होती आणि पाय हलवत सांगत होती. लढाई संपली, जिंकलेल्यांनी हरलेल्यांचे पुढारी कोर्टात उभे केले, आणि एकेकाने उठून तेच सांगितलं, मला हुकूम होता. कोर्ट म्हणालं, हुकूम होता म्हणून सुटका नाही. दुसरं काही करणं तुला खरोखर शक्य होतं का, तेवढं बघायचं. टोकियोच्या खटल्यात आपल्याकडच्याच एका न्यायाधीशाने सगळ्यांपेक्षा वेगळा निकाल लिहिला होता आणि ताई एक आख्खं प्रकरण त्याच्याशी भांडली होती. भालचंद्रला जनरलांशी काही घेणं नव्हतं. त्याने विचारलं, गाड्या भरभरून माणसं मारायला पाठवली म्हणतेस, तर त्यांच्या याद्या असतील. त्या कोणी लिहिल्या? ताई म्हणाली, टाइपिस्टने लिहिल्या असतील. त्याला पकडलं का? नाही रे, ती हसली, एवढ्या लहान माणसाला कोण पकडतं. तो घरी गेला असेल आपला. भालचंद्रने त्या दिवशी सुरईचं झाकण उगाचच तीनदा लावलं आणि काढलं. तेव्हापासून तो टाइपिस्ट त्याच्या डोक्यात राहायला आला होता. बारीक मानेचा, हाफशर्ट घातलेला, डबा घेऊन सायकलवरून घरी निघालेला. जर्मनीत लोक हाफशर्ट घालतात की नाही कोणास ठाऊक. पण त्याने घातला होता, आणि त्याचं अक्षर सुंदर होतं. टाइपिस्टला अक्षर नसतं हे भालचंद्रला कळत होतं. तरी होतं.

“ते वेगळं,” वनमाला आता म्हणत होती. अर्जाची घडी करून तिने ती पुस्तकात घातली, म्हणजे परत न देण्याच्या तयारीने. ती सांगत होती की तो खटला कशाचा होता याचं भान ठेव, तिथे लाखो माणसं गेली, आणि इथे अकरा पोरांचे परीक्षेचे फॉर्म अडले. वर्ष गेलं, वाईट झालं, पण दोन्ही एका तागडीत घालशील तर लोक तुलाही हसतील आणि मलाही. भालचंद्रला यातलं प्रत्येक वाक्य खरं वाटलं आणि त्याचाच जास्त राग आला. तो म्हणाला, “मग किती लागतात?” तिने पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. “सांग ना. कितीपासून सुरू होतं तुझं पुस्तक? अकरा कमी पडतात, तर बाराला होतं का?” ती म्हणाली, तोंड सांभाळून बोल. स्वयंपाकघरातून करंज्यांच्या तुपाचा वास येत होता. आईच्या हातातला झारा क्षणभर थांबला आणि परत कढईत गेला, एवढं त्याला ऐकू आलं. दिवाळी तोंडावर होती. त्याच आठवड्यात पहिली तारीख होती, आणि पहिल्या तारखेला मध्य भारत नावाचं राज्य संपणार होतं.

लिहायला त्याला अण्णांनी शिकवलं. सहाव्या वर्षी, बोरू हातात देऊन. बोरूची तिरपी काप, तासलेल्या टोकाचा तो ओला वास, आणि मागून येऊन मुठीवर बसणारा अण्णांचा कोरडा हात. अण्णांचा हातच त्याच्या हातात शिरला होता. बारा वर्षांचा होईपर्यंत दोघांचं अक्षर आईलाही वेगळं ओळखता येईना. अण्णा म्हणजे गोविंदराव, तीस वर्षं शिक्षणखात्याच्या कचेरीत. संस्थानच्या दरबारच्या वेळी तिथेच, मध्य भारत झाल्यावर तिथेच. खुर्ची तीच, बाहेरची पाटी तेवढी बदलली. दरबारात पद्धत होती की कारकुनाने कागद पुरा केला की खाली लिहायचं, हस्बुलहुक्म. म्हणजे हुकुमाप्रमाणे. कोणाच्या हुकुमाप्रमाणे ते लिहायचं नाही. नाव नाही, सही नाही, नुसतं हस्बुलहुक्म आणि खाली एक लांब फराटा, शेवटी जरा वर वळलेला. जो वाचायचा तो समजून घ्यायचा. ज्याला समजत नसे तो विचारायचा नाही, कारण विचारणं म्हणजे हुकमावर शंका. अण्णांच्या हाताला ते इतकं बसलं होतं की पाटणकर बाजारात वाण्याला द्यायच्या यादीखालीही यायचं. तूरडाळ, गूळ, उदबत्ती, हस्बुलहुक्म. वाणी दर महिन्याला एकच थट्टा करायचा, किसका हुक्म है पंडितजी, आणि अण्णा दर महिन्याला गंभीरपणे सांगायचे, घरवालीचा. भालचंद्रला लहानपणी वाटायचं की कागद असाच संपतो. गोष्ट संपली की राजा-राणी सुखी होतात ना, तसा.

जानेवारीत शाळेतून मिरवणूक निघाली. नव्या राज्यात राजधानी भोपाळला जाणार, ग्वाल्हेरचं सगळं उचलून नेणार, म्हणून पोरं वर्गातून उठली आणि बाड्याच्या चौकापर्यंत ओरडत गेली. भालचंद्रही गेला होता. गोपाळकृष्णच्या खांद्यावर हात टाकून गेला होता, घसा बसेपर्यंत ओरडला होता. राजधानीचं त्याला काय पडलं होतं. थंडीचे दिवस, ऊन छान, गणिताचा तास. पण मॉनिटर असल्यामुळे हजेरीचं रजिस्टर त्याच्याकडे, म्हणून अर्ध्यातून परत आला. ड्रिलचे विश्वासराव दारातच उभे होते. म्हणाले, जे जे नव्हते त्यांची नावं लिहून दे. एवढंच म्हणाले. भालचंद्र वर्गात गेला, रिकाम्या बाकांकडे बघून नावं लिहायला लागला. बाकावर कोणाची टोपी, कोणाची अर्धी खाल्लेली आवळ्याची फोड. एक एक नाव त्याने सुरेख काढलं. ते लिहिताना त्याला मजा आली होती. ही गोष्ट त्याने अर्जात लिहिली नव्हती, लिहिता आली नव्हती, पण ती तशीच होती. गोपाळकृष्णच्या नावातला ‘ष्ण’ त्याला फार चांगला साधला आणि त्याने टाक उचलून त्याच्याकडे मान तिरकी करून बघितलं होतं. अकरा नावं झाली. बारावं त्याचं स्वतःचं. तिथे हात थांबला, म्हणजे विचार करून थांबला असंही नाही, नुसता पुढच्या ओळीवर गेला आणि त्याने लिहिलं, हस्बुलहुक्म. खाली फराटा, शेवटी वर वळलेला.

विश्वासरावांना ती यादी स्वतःपुरतीच हवी होती. पोरांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायच्या आणि विसरून जायचं, एवढाच त्यांचा बेत. पण यादी टेबलावर पडली, दुसऱ्या कागदांबरोबर बांधली गेली, परीक्षेच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यातून कचेरीत पोचली. तिथे कोणी दुसऱ्या भागातून नवा आलेला साहेब होता. त्याने बघितलं, मुरलेल्या हाताचं अक्षर, खाली हस्बुलहुक्म. इथली पद्धत त्याला माहीत नाही, इथली माणसं माहीत नाहीत, राज्य घडायचं की मोडायचं चाललेलं. कुणा मोठ्याचा हुकूम दिसतोय असं समजून त्याने वर शेरा मारला, फॉर्म रोखावेत, पुढील आदेशापर्यंत. शिक्का मारून शेऱ्याची नक्कल शाळेत आली आणि यादी साहेबाच्या कपाटात बंद झाली. हेडमास्तरांना वाटलं कचेरीने काढला, कचेरीला वाटलं त्याच्याही वरून आला. सगळे एकमेकांच्या वर बघत राहिले. घरी जेवताना अण्णा म्हणाले होते, तुमच्या शाळेचं प्रकरण ऐकलं, हस्बुलहुक्म आहे म्हणतात, म्हणजे वरचंच असणार. भालचंद्रने घास परत पानात ठेवला. पाणी प्यायला उठला तो परत पानावर बसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा स्वतःचा फॉर्म भरायचा होता. त्याने तो चार तुकडे करून नालीत टाकला आणि घरी येऊन सांगितलं की मी आता शिकणार नाही. का? नाही. गणित का? हां, गणित. त्याच दिवशी दौत फेकली. घरात सगळ्यांनी मानून टाकलं की मुलगा वाया गेला, आणि भालचंद्रला ते सोयीचं पडलं, कारण वाया गेलेल्याला कोणी काही विचारत नाही.

फेब्रुवारीत तो शिंदे की छावनीत विश्वासरावांच्या घरी गेला होता. ते अंगणात खाट टाकून बसले होते आणि चिंचेने पितळी बटणं घासत होते. ती बटणं ज्या फौजेची, ती फौज पाच वर्षांपूर्वीच मोठ्या फौजेत विरघळून गेली होती; विश्वासरावांची छाती मापात बसली नाही म्हणून ते शाळेत ड्रिल घ्यायला उरले. त्यांनी भालचंद्रला खाटेवर बसवलं, गुळाचा खडा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेटा, मी तर नावं मागितली होती. हुकूम तू लिहिलास.” रागाने नाही म्हणाले. बटणाला फुंकर मारून उजेडात धरून बघत म्हणाले. त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं असतं तर चाललं असतं, पण त्यांचीही नोकरी धाग्यावर, आणि एक गोष्ट ते बरोबर बोलले होते, ती भालचंद्र तिथून उठून गेला तरी मनातून उठेना. नावं कोणी तरी मागितली होती. शेवटची ओळ कोणीच मागितली नव्हती. हातावर हुकमाचं ओझं होतं म्हणावं तर हुकूम त्याच हातातून निघाला होता. ताईच्या पुस्तकात असा माणूस नव्हता. भालचंद्रने सगळी एकशे साठ पानं त्याला शोधत उतरवली, आणि ‘दुसरं काही करणं शक्य होतं का’ हे वाक्य आलं की त्याचा हात दर वेळी हळू व्हायचा. आठ वेळा आलं होतं. शक्य होतं. काय कठीण होतं त्यात, साला. एक ओळ लिहायची नव्हती आणि एक नाव लिहायचं होतं.

सगळ्यात वाईट गोपाळकृष्ण. तो चिडला असता तर बरं होतं. तो आता वडिलांबरोबर पूजा सांगायला जातो, धोतर सांभाळता येत नाही म्हणून एका हाताने निऱ्या धरून चालतो. काल सकाळी खासगी बाजाराच्या कोपऱ्यावर भेटला, ओल्या नारळाचा तुकडा हातावर ठेवला, म्हणाला, खा बे भालू, शुद्ध घरचा नारळ आहे, उमाजीच्या दुकानाची वास्तुशांत होती. भालू म्हणजे अस्वल, हा त्याचा तिसरीपासूनचा विनोद. फॉर्मचं विचारलं तर म्हणाला, “ऊपर से आया है यार. ऊपरवाल्याला कोण विचारणार? तू तरी कशाला बसला नाहीस परीक्षेला, गधे, तुझं तर नाव नव्हतं.” नारळ तोंडात फिरत राहिला. गोपाळकृष्णने सांगितलं की मार्चच्या परीक्षेचे फॉर्म आता निघतील, पण तो कागद तसाच आहे, पुढील आदेशापर्यंत, आणि पहिल्या तारखेनंतर सगळे कागद पेट्यांत घालून भोपाळला जातील. तिथे कोण आपला काका बसलाय. हसत हसत म्हणाला आणि निऱ्या धरून गेला. भालचंद्र घरी आला आणि त्याने अर्ज लिहिला. ती यादी मी लिहिली, खाली हुकूम कोणाचाच नव्हता, मी मनानेच लिहिलं, आणि मी स्वतः त्या दिवशी मिरवणुकीत होतो, तर बारावं नाव माझं. कचेरी आहे तोवर कागद काढून बघावा.

हे सगळं तो ताईला सांगत नव्हता. तिला फक्त एवढंच म्हणाला की पुस्तक इकडे आण. ती पुस्तक छातीशी धरून उभी राहिली, आणि आता खरी गोष्ट बोलली. भोपाळला जाणाऱ्यांची यादी उद्या लागणार. अण्णांचं नाव त्यात आहे असं त्यांना सांगितलंय. ज्यांचं नाव नाही ते फाजील, म्हणजे घरी. साहेबांच्या हातात तुझा अर्ज पडला की ते पहिल्यांदा ती यादी काढतील, अक्षर बघतील, आणि ते अक्षर कोणाचं आहे हे त्या कचेरीतल्या शिपायालासुद्धा माहीत आहे. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने मुलाच्या शाळेच्या भांडणात खोटा हुकूम घुसडला. असंच म्हणतील. मग अण्णा फाजील, माझी डिसेंबरची परीक्षा-फी, प्रबंध, सगळं गेलं. दहा दिवस थांब. भोपाळला गेलो की मी स्वतः तुला अर्ज करून देते, कायद्याच्या भाषेत. भालचंद्रला ती त्या क्षणी खूप आवडली आणि त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर तो थांबला असता. दहा दिवस. दहा दिवसांनी पेट्यांना खिळे ठोकलेले असणार. त्याला दिसलं, टाइपिस्ट सायकल भिंतीला लावून घरात शिरतोय आणि त्याची बहीण त्याला सांगतेय, दहा दिवस थांब. त्याचीही बहीण असेलच की. तीही चांगलीच असेल.

अण्णा पूजा आटोपून आत आले तेव्हा कपाळावरचं गंध ओलं होतं. दोघांचे चेहरे बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला, आणि वनमालाने, जिने भालचंद्रला दिला नव्हता, तो कागद त्यांच्या हातात मुकाट्याने दिला. अण्णा कुठलाही कागद खालून वाचतात. आधी कोणाच्या हुकमाने, मग काय. ते खालून वाचायला लागले आणि तिथेच थांबले. भालचंद्रला वाटलं आता फुटणार. पण अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि अगदी कचेरीतल्या आवाजात विचारलं, “हे खाली काय लिहिलंस?” त्याने वाकून बघितलं. अर्जाच्या शेवटी, सुरेख, लांब फराट्यासकट, हस्बुलहुक्म. कधी लिहिलं त्याला आठवेना. हाताने लिहिलं होतं, काल, त्याला न विचारता. आपलाच हात धरून टेबलावर आपटावा असं वाटलं. “अर्जाखाली हे लिहीत नाहीत,” अण्णा म्हणाले. “अर्ज माणूस आपल्या नावाने करतो.”

मग त्यांनी वरपासून वाचलं. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त गंधाचा एक थेंब नाकावर आला आणि तिथे सुकला. वाचून झाल्यावर ते ओरडले नाहीत, मारलं नाही. भालचंद्रला नंतर वाटलं की मारलं असतं तर सोपं होतं. त्यांनी ताईसारखंच सगळं सांगितलं, कमी शब्दांत; की अक्षर माझं आहे, ते मीच तुझ्या हातात घातलं, आणि आता ते तुझं म्हणून कोणी मानणार नाही. भालचंद्र म्हणाला, मी तिथे बसून साहेबांसमोर अकरा नावं लिहून दाखवीन, त्याच हाताने, मग तुमच्यावर येणार नाही. अण्णा म्हणाले, येईल. एवढंच. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. बाहेर टांगा खडखडत गेला. आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ.

“जायचं नाही,” अण्णा म्हणाले. “भोपाळला पोचेपर्यंत हा कागद घराबाहेर जाणार नाही. मी सांगतो.”

“लिहून द्या,” भालचंद्र म्हणाला.

“काय?”

“हेच. की भालचंद्रने जाऊ नये, अकरा जणांचं जे व्हायचं ते होऊ दे. आणि खाली तुमचं नाव. ते दुसरं नको. नाव लिहा. मग नाही जात.”

आई म्हणाली, अरे बापाशी बोलतोस. वनमाला त्याच्याकडे अशी बघत होती, जशी ती कठीण निकालपत्राच्या पानाकडे बघते, भुवया जवळ आणून. आणि अण्णा खरोखर बसले. हे कोणाला वाटलं नव्हतं. चटईवर मांडी घातली, डेस्क ओढलं, कोरा कागद घेतला, वरचा कोपरा सवयीने दुमडला, टाक बुडवून काठाशी टिपला. भालचंद्र समोर उभा राहून ते उलटं वाचत होता. चिरंजीव भालचंद्र यास. काय अक्षर होतं ते. सहा वर्षांचा असताना ज्या मुठीवर तो हात बसायचा, ती मूठ त्याने नकळत मिटली. दोन ओळी झाल्या. हात खाली आला. ओळ सोडली. आणि निबाने कागदावर काढलं, ‘ह’.

तिथे हात थांबला. अण्णांनी त्या ‘ह’कडे बघितलं. तीस वर्षांत त्यांनी किती कागद पुरे केले असतील, आणि कशाकशावर. त्यातल्या एकाखालीही त्यांचं नाव नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते आज असं समोर एका अक्षरात बसलेलं बघायची वेळ आली नव्हती. भालचंद्रला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याला वाटलं आपण कुणाच्या तरी अंगावरचा सदरा ओढून काढला. तरीही तो हलला नाही, माघारी आला नाही, डोळे खाली घातले नाहीत. अण्णांनी टाक ठेवला. “निब खराब आहे,” ते म्हणाले. उठले, कोट घातला, टोपी घातली, छत्री घेतली, आणि आपला अर्धा हुकूम आणि मुलाचा अर्ज दोन्ही डेस्कवर शेजारी शेजारी ठेवून जिना उतरून कचेरीला गेले. पायऱ्यांवर त्यांचा पाय एकदाही चुकला नाही. जिन्याच्या शेवटी क्षणभर थांबले, आणि गेले.

भालचंद्रने अर्ज उचलला. खालची ओळ नखाने दाबून, पट्टी लावून, फराट्यासकट फाडून काढली. मग टाक घेतला आणि डाव्या हातात धरला. डाव्या हातात अण्णा नव्हते. त्याने आपलं नाव लिहिलं, वाकडं, थरथरतं, पहिलीतल्या पोराने लिहावं तसं, ‘च’ मोठा आणि ‘द्र’ खाली घसरलेला. इतकं घाणेरडं अक्षर त्याने आयुष्यात काढलं नव्हतं. त्याला ते बघून हसू आलं. वनमाला मागे येऊन उभी राहिली होती. तिने कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि तो पटकन वळला, आता परत भांडायच्या तयारीने. पण ती वाचत होती. तिने एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, “तारीख घातली नाहीस. तारखेशिवाय अर्ज दाखल करून घेत नाहीत. आणि पावती मागून घे. तोंडी नको, लेखी.” तीस ऑक्टोबर छप्पन्न, त्याने घातलं, तेही डाव्या हाताने. आई म्हणत होती, निदान करंजी तरी खाऊन जा, उपाशी कुठे जातोस. त्याने करंजी खिशात टाकली. बाहेर ऊन पडलं होतं, टाइपिस्ट कुठे तरी सायकलची साखळी लावत बसला असेल, बसू दे. डेस्कवर प्रबंधाचं पान मधोमध डाग घेऊन उघडंच होतं.

“आणि हे माझं पान?” वनमालाने विचारलं. “अर्धंच उतरवलंयस.”

“राहू दे अर्धं,” तो जिन्यावरून म्हणाला. “कचेरी साडेदहाला उघडते. मला आता निघायला हवं.”